पाण्याचा लहान डबा

परतूरच्या बसस्टँडवर सीट धरायची एक रीत आहे. गाडी फलाटाला लागत असतानाच खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल पडला की जागा तुमची. मग दारातल्या रेटारेटीतून तुम्ही सावकाश आत या. कुणाचा रुमाल कुणी उचलत नाही. एरवी माणसं एकमेकांचं काय काय उचलतात, पण रुमाल नाही.

दैवशालाला ही रीत चांगली ठाऊक होती. पण त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जालन्याच्या कॉलेजात पीएच.डी.ला रुजू व्हायचा पहिला दिवस, सकाळपासून लागलेली श्रावणातली झड, खांद्याला चिकटलेली ओली ओढणी… आणि तिला स्टँडवर सोडताना वडील, रखमाजी, म्हणालेले, "लवकर उरकून टाक बाई, मंग आमी स्थळं बघायला मोकळे." त्याच घुश्शात ती गाडीत चढली आणि दिसेल त्या सीटवर खिडकीशी जाऊन बसली.

"ओ ताई… तुमी माझ्या रुमालावर बसल्यात."

तिनं वर पाहिलं. उंच, सावळा मुलगा. चष्म्यावर पावसाचे थेंब. छातीशी थर्माकोलचा एक डबा, नवं बाळ धरावं तसा धरलेला.

"दिसला न्हाई," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही. "सीट दोघांची असती."

"रुमाल मधोमध पडला व्हता माझा."

"मंग नेम चुकला तुमचा."

तो गपचूप शेजारी बसला. कंडक्टर आला. तिनं बायकांचं अर्धं तिकीट घेतलं, त्यानं पूर्ण.

"तिकीट अर्धं हाय तर सीट बी अर्धीच वापरा ना," तो समोर बघत म्हणाला. "डब्याला जागा लागून राह्यली."

"डब्याचं तिकीट काढलं का?"

आता मात्र त्याला हसू आवरलं नाही. तिलाही आलं होतं, पण तिनं ते खिडकीकडे वळवलं.

"कुल्फी हाय का त्याच्यात?"

"न्हाई… पावडर हाय. चिमूटभर. हैद्राबादहून बर्फात घालून आलीय, रेल्वेनं. जालन्याऐवजी चुकून इथंच उतरवली, ती घ्यायलाच आल्तो. गरम झाली तर गेली कामातून." मग जरा घुटमळून, "धरता का जरा? चष्मा पुसायचाय."

तिनं डबा मांडीवर घेतला. गारवा ड्रेसमधून गुडघ्यांपर्यंत उतरला. चष्मा पुसायला एखाद्याला किती वेळ लागावा? या गृहस्थाला वाटूर फाट्यापर्यंत लागला.

जालन्याला दोघं उतरले. ती कॉलेजकडे निघाली, तोही निघाला. ती जिना चढली, तोही चढला. हा मागं लागलाय असं तिला वाटलं, आणि ही डबा परत द्यायलाच तयार नाही असं त्याला; कारण डबा अजून तिच्याच हातात होता. वरच्या मजल्यावर तिच्या गाईड अलमास मॅडम लॅबच्या दारात उभ्या होत्या.

"अरे वा, दोघं संगतीनंच आलात," मॅडम म्हणाल्या. "हा कल्याण, घनसावंगीचा. आपल्याकडे बाटलीतलं काम हा करतो. आणि कल्याण, ही दैवशाला. कॉम्प्युटरवरचं काम आता हिचं."

---

काम साधं सांगायचं तर असं. प्रथिनाच्या बारीक साखळ्या असतात, एकेक मणी ओवलेल्या माळेसारख्या; त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्या पाण्यात सोडल्या की कुणी न सांगता एकमेकींना शोधतात, ओळीत लागतात, ओळींचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते आणि त्या जाळीत पाणी अडकून बसतं. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. बऱ्या न होणाऱ्या जखमांवर लावायला असा जेल मॅडमना हवा होता.

कल्याणला तर तो फारच हवा होता. त्याच्या आईची, उषाबाईंची, साखरेच्या आजारात पायाची दोन बोटं गेली होती आणि उरलेली जखम काही केल्या मिटत नव्हती. दर शनिवारी घनसावंगीला जाऊन तो स्वतः पट्टी बदलायचा.

तो जे काचेच्या बाटलीत करायचा, तेच दैवशाला कॉम्प्युटरच्या आत करायची. तिथं पाण्याचा एक चौकोनी डबा, त्यात हजारो पाण्याचे रेणू आणि मोजक्या साखळ्या. कोण कुणाला ओढतं, कोण कुणाला ढकलतं, याचं गणित मशीन क्षणाक्षणाला करत राहायचं.

"ह्या डब्याला भिंती कशाच्या?" एकदा त्यानं तिच्या खुर्चीमागं उभं राहून विचारलं.

"भिंतीच न्हाईत. इकडून बाहेर गेला तो तिकडून आत येतो. म्हणजे लहानशा डब्यातबी अफाट पाणी असल्यासारखं चालतं."

"म्हंजे पळून जाता येत न्हाई कुणाला."

"जातो की. पण परत येतो."

"बरं हाय," तो म्हणाला. "मला असाच डबा पायजे."

असं बोलून तो निघून जायचा आणि तिला पुढचा तासभर एक ओळ धड लिहिता यायची नाही. वीज गेली की लॅबमध्ये अंधार व्हायचा, तेव्हा तो फोनची बॅटरी लावून दारात यायचा. म्हणायचा, बाटल्या शोधतोय. बाटल्या त्याच्या खोलीत होत्या. कॉलेजच्या फाटकासमोर तातेरावांची चहाची टपरी होती. तिथं एका कपाचे दोन भाग व्हायचे आणि मोठा भाग कुणाचा यावरून भांडण. ती घरी जायची तेव्हा तो जालन्याच्या स्टँडवर तिच्यासाठी रुमाल टाकायचा, आणि हल्ली त्याचा नेम अचूक बसत होता.

"पण तू मला ताई म्हणला व्हतास," ती मधूनच आठवण करून द्यायची.

"रुमालापुरतं म्हणलो व्हतो. माघार घेतो."

"सगळ्यांच्या पुढं?"

"तातेरावांच्या पुढं घेतो. बास?"

एवढंच. याच्या पुढं दोघंही गेले नाहीत. एकमेकांना आवडतो हे दोघांना कळलेलं होतं, तातेरावांनाही कळलेलं होतं, पण म्हणायचं कुणी?

---

लॅबचं मशीन जुनं होतं. मोठा डबा घेतला तर गणित रांगायला लागायचं, त्यात वीज जायची, पुन्हा जिथं थांबलं तिथून सुरू करायचं. मॅडमना निष्कर्ष हवे होते. म्हणून दैवशालानं डबा लहान घेतला. पाणी कमी, गणित कमी, काम भराभर. साखळ्या आणि डब्याची कड यांच्यात सुरुवातीला पुरेसं अंतर होतं. तिनं ते नीट तपासलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास ओळ तयार झाली. सुट्या, भरकटलेल्या साखळ्या एकीला एक लागत गेल्या आणि डब्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ ओळ झाली. ती सुटेना. गणित कितीही पुढं नेलं तरी हलेना. मॅडमनी त्या ओळीचं रंगीत चित्र काढून भिंतीवर लावलं.

कल्याण त्याच्यापुढं कितीतरी वेळ उभा होता.

"ही तू केलीस?"

"आपोआप झाली."

"आपोआप कसं व्हईल… कुणीतरी जवळ बसून राह्यलं असंल ना."

तेव्हा तिला आपण किती सुखी आहोत हे कळलं, आणि लगेच भीतीही वाटली.

भीती खरी ठरली. परतीचा पाऊस सुरू झाला आणि थांबायचं नाव घेईना. बसमध्ये जो तो काळ्या पडलेल्या कापसाबद्दल बोलायचा. कल्याणच्या खोलीत रोज एक बाटली उलटी व्हायची आणि रोज पाणी टेबलावर पडायचं. त्यानं मीठ बदललं, ऊब कमी-जास्त केली, पावडर नवीन मागवली. पाणी ते पाणीच.

त्यातच गुवाहाटीच्या एका संस्थेतून त्याला बोलावणं आलं. मोठी लॅब, चांगली जागा. होकार नोव्हेंबर संपायच्या आत हवा होता. इकडं मॅडम म्हणत होत्या, जेल झाला तर प्रकल्प वाढवून मिळेल आणि कल्याणला इथंच ठेवता येईल.

"तुझी ओळ टिकली तर मी टिकलो," तो दैवशालाला म्हणाला. तो हसत म्हणाला होता. ती हसली नाही.

एका दुपारी तिनं मॅडमचा आवाज ऐकला. मॅडम रागावलेल्या नव्हत्या, फक्त थकलेल्या होत्या. "बेटा, कॉम्प्युटरमध्ये होतंय ना… मग तुझ्याच हातात का होत नाही?"

त्या दिवसापासून कल्याण टपरीवर चहाचा लहान भाग न भांडता घ्यायला लागला. वीज गेली तरी दारात येईनासा झाला. दैवशालाला त्याच्या खोलीत बाटल्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि अधूनमधून फुटलेल्या काचेचा.

---

त्याला जरा बरं वाटावं म्हणून तिनं त्या ओळीचं हलतं चित्र करायला घेतलं. डब्याशेजारी त्याच डब्याच्या प्रती मांडल्या, म्हणजे ओळ लांबच लांब दिसेल, छान दिसेल. बाहेर अंधारून आलं होतं. दुपारीच दिवे लावावे लागले होते.

चित्र उघडलं. ओळ एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सलग गेलेली होती. दैवशाला आधी कौतुकानं बघत राहिली, आणि मग तिनं कडेवरची जागा मोठी करून पाहिली.

ओळ सलग होती, कारण तिचं शेवटचं टोक कडेपलीकडून पहिल्या टोकाला धरून बसलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच तिथं. डबा लहान पडला होता. ओळ वाढत कडेला टेकली आणि तिनं स्वतःचाच हात धरला. ज्याला टोकच नाही, ते सुटणार कुठून?

तिनं मोठा डबा घेतला. मशीन रांगू लागलं, वीज जात-येत राहिली, ती रोज वाट बघत राहिली. खूप पाण्यात सोडलेली तीच ओळ टोकापासून एकेक करत सुटत गेली. शेवटी साखळ्या लांब लांब तरंगत होत्या, कुणाला कुणाचा पत्ता नसल्यासारख्या.

म्हणजे कल्याणची बाटली खरं बोलत होती.

आता सांगायला हवं होतं. सांगितलं की जेलची आशा संपली, आणि कल्याण गुवाहाटीला जाणार. नाही सांगितलं तर तो इथंच राहणार, शेजारच्या खोलीत, बाटल्या उलट्या करत, स्वतःच्या हातांना दोष देत… पण इथं. तिला तो इथं हवा होता. हे तिनं स्वतःशी कबूल केलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. होकार कळवायची मुदत अजून गेली नव्हती. ती उठली आणि त्याला टपरीवर बोलावून आणलं.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तातेरावांनी विचारायच्या आधीच एक चहा दोन कपांत ओतला आणि ते आत निघून गेले.

"कल्याण, तुझे हात बराबर हायेत."

"काय?"

"ओळ खोटी व्हती." तिनं सगळं सांगितलं – लहान डबा, कड, स्वतःचाच धरलेला हात, मोठ्या पाण्यात सुटत गेलेल्या साखळ्या. "चूक माझी हाय. तुझी बिलकुल न्हाई."

त्यानं चष्मा काढला.

"आईची पट्टी बदलताना बी हात कापत व्हते माझे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या हाताला यशच न्हाई."

दैवशालाला रडू फुटलं. तिनं तोंड फिरवलं नाही.

"मॅडमला सांगितलं?"

"आता जाते. आधी तुला."

"सांगितलं नसतंस तर मी राह्यलो असतो."

"म्हणूनच सांगावं वाटत नव्हतं."

पावसात एक रिक्षा गेली, चिखल उडवत. त्यानं कप खाली ठेवला.

"तू म्हण, दैवशाला… तू म्हणलीस तर मी अजून बी जात न्हाई."

हेच ऐकायला ती श्रावणापासून कान लावून बसली होती. आणि आता तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"आपलं बी तसंच असंल तर? एक लॅब, एक गाडी, एक टपरी. डबा लहान हाय म्हणून धरून बसलो असू तर?"

"असं कुणी विचारतं का?"

"मी विचारून राह्यले."

"लई वाईट हायेस तू."

"हो," ती म्हणाली. "जा तू. आईला बी तूच बरं करायचंस, आणि ते इथं व्हणार न्हाई."

---

तो गेला त्या सकाळी जालना स्टेशनवर धुकं होतं. रेल्वे उशिरा होती. त्यानं बॅगेची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली.

"ते मोठ्या डब्यातलं," तो म्हणाला, "टोक कुठून सुटतं ते नीट बघून ठेव. कोणता मणी आधी पाण्याकडं पळतो ते. मला कळव."

"आणि?"

"आणि… हा ठेव." त्यानं खिशातून रुमाल काढला. निळ्या काठाचा, पहिल्या दिवशी ती ज्यावर बसली होती तो. "सीट धरायला लागंल."

ती म्हणणार होती, राहा. तिनं रुमाल घेतला आणि म्हणाली, "जल्दी चढ, गाडी सुटंल."

सुरुवातीला रोज फोन यायचा. तिकडं सारखा पाऊस, तो सांगायचा, आणि नदी अशी की पलीकडचा काठच दिसत नाही. मग आठवड्यातून एकदा यायला लागला. मग नुसते निरोप… पोचलं का, बघितलं का, आईला विचारून सांग. उषाबाईंकडं आता अधूनमधून दैवशालाच जायची. जखम तशीच होती. "त्यो खुशाल हाय ना?" म्हातारी विचारायची, आणि ती हो म्हणायची, कारण दुसरं काय म्हणणार?

मॅडमनी भिंतीवरचं चित्र उतरवलं. त्या तिला काही बोलल्या नाहीत. उलट इकडून तिकडून खटपट करून तिला बाहेरच्या मोठ्या मशीनवर काम करायची परवानगी मिळवून दिली. तिनं बघून ठेवलं. प्रत्येक साखळीच्या टोकाला एक मणी असा होता की त्याला शेजारणीपेक्षा पाणी प्यारं. तोच आधी सुटायचा. तिथं दुसरा मणी घालून बघ, असं तिनं कल्याणला कळवलं. "बघतो" एवढंच उत्तर आलं.

रखमाजी स्थळं आणत राहिले. एक मुलगा बँकेतला होता, स्वभावानंही चांगला होता. दैवशाला नाही म्हणाली. कारण विचारलं तर तिला सांगता आलं नाही, आणि घरात बरेच दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. आपण सांगितलं नसतं तर, असा विचार तिच्या मनात रोज यायचा. तर तो अजून आपल्या हातांनाच दोष देत बसला असता, असं उत्तर ती रोज स्वतःला द्यायची आणि तेवढ्यानं काही बरं वाटायचं नाही.

पुन्हा श्रावण आला. आभाळ भरलेलं, पाऊस धड पडत नाही आणि थांबतही नाही. परतूर स्टँडवर गाडी लागत होती. दैवशालानं सवयीनं खिडकीतून निळ्या काठाचा रुमाल आत टाकला, सावकाश चढली आणि खिडकीशी बसली. अर्ध्याच सीटवर. ही सवय कधी लागली ते तिला आठवत नव्हतं.

फोन वाजला. कल्याणचा फोटो. काचेची बारीक बाटली, तळ वर, उघडं तोंड खाली. आणि पाणी… पाणी वरच्या वर, तळाला धरून बसलेलं. टेबल कोरडं.

तिनं फोन आडवा करून बघितला, उलटा करून बघितला. फोटो तोच होता.

खाली लिहिलं होतं: *तुझा मणी घातला. सकाळपासून उलटी ठेवलीय. सुटलं न्हाई.*

आणि त्याच्या खाली, थोड्या वेळानं आलेलं: *डबा लई मोठा घेतला मी. नदी, डोंगर, सगळंच. एवढ्या पाण्यात बी तुझ्यापासून सुटलो न्हाई. हे तुला सांगायचं व्हतं.*

दैवशालानं ओढणीचा बोळा तोंडावर धरला. समोरच्या बाईनं वळून बघितलं आणि पुन्हा पुढं बघितलं. मग तिनं लिहिलं: *कधी येतोस?*

उत्तर यायला वेळ लागला. *लगेच न्हाई जमणार. हे जखमेवर चालतं का ते बघायला इथं अजून दोन वर्षं तरी. आईला सांग. तू थांबशील का, हे विचारायचं तोंड न्हाई मला.*

दोन वर्षं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी काय बोलतील, उषाबाईंचा पाय तोवर कसा राहील, जेल तरी चालेल का, कशाचाच भरवसा नव्हता. गाडीत माणसं चढत होती. एक पागोट्यातले आजोबा तिच्या सीटपाशी येऊन थांबले. त्यांनी रिकामी जागा बघितली, तिच्यावरचा रुमाल बघितला.

"पोरी, हितं कुणी हाय का?"

मागच्या बऱ्याच सीटा रिकाम्या होत्या. दैवशालानं डोळे पुसले.

"हाय, आबा," ती म्हणाली. "यायलाय."

आजोबा मान हलवून मागं गेले. गाडी सुटली, स्टँडच्या चिखलातून हेलकावत रस्त्याला लागली. खिडकीतून वारा आला तसा रुमालाचा काठ उडायला लागला. तिनं त्यावर हात ठेवला आणि जालना येईपर्यंत काढला नाही.